कोळंबी किती मिनिटं शिजवायची?



पीएचडीच्या पहिल्या वर्षात जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला एक अनुभव येतो. तुम्ही एखादा चांगला पेपर वाचता, त्यातलं तापमान, वेळ, प्रमाण जसंच्या तसं वहीत उतरवून घेता, सगळं तसंच करता, आणि तरी आपल्याकडे ते चालत नाही. मग पहिला विचार येतो, "मलाच जमत नाहीये." बऱ्याचदा गडबड वेगळीच असते. आपण आकडा उचललेला असतो, पण तो आकडा ज्या अटींवर खरा आहे त्या अटी पेपरमध्येच राहून गेलेल्या असतात.

आज हे समजून घ्यायला लॅबमध्ये जायची गरज नाही. बुधवारची रात्र आहे, साडेआठ वाजलेत, दोन माणसांचं जेवण व्हायचंय आणि फ्रीजरमध्ये पाव किलो सोललेल्या कोळंबीचं पाकीट आहे. अर्ध्या तासात कोळंबीचं सुकं आणि भात करायचाय. एवढ्या सामानात पद्धतशास्त्राचा एक अख्खा धडा बसतो, आणि शेवटी जेवायलाही मिळतं.

घरची पाककृती रूमवर का बिघडते?

कोळंबीच्या सुक्याची घरोघरी सांगितली जाणारी रीत साधारण अशी: कांदा परता, मसाला घाला, कोळंबी घाला, झाकण ठेवा आणि अंगचं पाणी आटेपर्यंत शिजवा.

घरी हे उत्तम होतं. तेच तुम्ही रूमवर पाकिटातल्या कोळंबीचं करता आणि ताटात रबराचे तुकडे येतात. पाककृती तीच, मसाला घरून आणलेला, करणारे हात शिकलेले. मग बदललं काय?

"पाणी आटेपर्यंत" हे शब्द पुन्हा वाचा. इथे पाणी हे घड्याळ म्हणून वापरलंय. घरी कोळंबी ठरलेल्या कोळणीकडून येते, साधारण एकाच आकाराची, ताजी. कढई तीच, शेगडी तीच. त्यामुळे अंगचं पाणी सुटायला आणि आटायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात कोळंबीही शिजते. दोन्ही वेळा जुळतात, कारण बाकी सगळं वर्षानुवर्षं स्थिर राहिलेलं आहे. आई चुकीचं सांगत नाही. तिच्या स्वयंपाकघरात जे कधी बदलतच नाही, ते सांगायची तिला गरज पडत नाही, इतकंच.

गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर दिलेला असतो. काही वेळा पाणी धरून ठेवण्यासाठी तिच्यावर फॉस्फेटची प्रक्रियाही केलेली असते. अशी कोळंबी कढईत कितीतरी जास्त पाणी सोडते. ते आटेपर्यंत थांबलात, की कोळंबी केव्हाच शिजून पुढे गेलेली असते. म्हणजे घड्याळ बंद पडलं, आणि आपण त्याच्याकडेच बघत बसलो.

कोळंबीच्या आत नेमकं काय होतं?

आपण खातो तो कोळंबीचा स्नायू. त्यातली दोन मुख्य प्रथिनं म्हणजे मायोसिन आणि ॲक्टिन. गरम झाल्यावर प्रथिनांची घडी उलगडते आणि ती एकमेकांना चिकटून जाळं तयार करतात. मायोसिन कमी तापमानाला उलगडतं. त्यामुळे मांस पारदर्शक होतं ते पांढरं होतं आणि दाताखाली छान घट्ट लागतं. ॲक्टिन त्यानंतर, साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे उलगडतं. तिथून पुढे जाळं आवळत जातं, आतलं पाणी पिळून बाहेर येतं आणि मांस चिवट होतं.

"मग अजून शिजवू, मऊ होईल" हा उपाय इथे चालत नाही. मटण जास्त वेळ शिजवलं की मऊ होतं, कारण त्यातल्या कोलॅजेनचं हळूहळू जिलेटिन होतं. कोळंबीत तसं भक्कम कोलॅजेन फारसं नसतंच. त्यामुळे जास्त वेळ दिला तर हाती फक्त कोरडेपणा लागतो.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शिफारशीनुसार मासळी आतपर्यंत ६३ अंशांना पोचायला हवी. म्हणजे आपल्याला हवी असलेली जागा अरुंद आहे: मधला भाग ६३ च्या वर, पण ७० च्या फार पुढे नाही.

तर खरी राशी आहे कोळंबीच्या मध्यभागाचं तापमान. मिनिटं, पाणी, रंग, आकार या सगळ्या तिच्या खुणा आहेत. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मिनिटं कुठून येतात?

उष्णता बाहेरून आत झिरपत जाते, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट.

थोडं गणित करून बघू. कोळंबी एक लांबट दंडगोल आहे असं धरू. सुरुवातीचं तापमान ५ अंश, भोवती भरपूर उकळतं पाणी. मांसातून उष्णता पसरण्याचा गुणांक साधारण ०.१४ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. मध्यभाग ६३ अंशांना पोचायला लागणारा वेळ असा येतो:

१ सेंटिमीटर जाडी: साधारण ४५ सेकंद
१.५ सेंटिमीटर जाडी: साधारण १०० सेकंद
२ सेंटिमीटर जाडी: जवळपास ३ मिनिटं

कढईत उष्णता एकाच बाजूने मिळते, म्हणून हे आकडे तिथे तसेच लागू होणार नाहीत. पण त्यांच्यातलं गुणोत्तर बघा. अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने वेळ दुपटीच्या वर गेला! "कोळंबी ३ मिनिटं शिजवा" असं लिहिणाऱ्याने कोळंबीची जाडी लिहिली नसेल, तर त्या ३ ला काही अर्थ नाही.

तुमच्या पाकिटावर ३१/४० किंवा ७१/९० असं काहीतरी छापलेलं असेल. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात त्याचा हा आकडा. पहिल्या पाकिटातला एक नग सरासरी १३ ग्रॅमचा, दुसऱ्यातला साडेपाच-सहाचा. वजनात सव्वादोनपट फरक, म्हणजे जाडीत १.३ पट (वजन जाडीच्या घनाप्रमाणे वाढतं), म्हणजे वेळेत सुमारे १.७ पट. पाकीट बदललं की वेळ बदलणार, आणि किती ते तुम्ही दुकानात उभ्या उभ्या काढू शकता.

पाण्याचा हिशोब

आता कढईकडे येऊ. पाव किलो कोळंबी ५ वरून ६३ अंशांना न्यायला किती उष्णता लागते? मांसाची विशिष्ट उष्णता साधारण ३.६ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर ०.२५ × ३.६ × ५८ म्हणजे सुमारे ५२ किलोज्यूल.

आणि पाण्याची वाफ करायला? एका ग्रॅमला २.२६ किलोज्यूल. म्हणजे ५२ किलोज्यूलमध्ये फक्त २३ ग्रॅम पाणी उडतं, जेमतेम दीड टेबलस्पून!

पुन्हा वाचा. सगळी कोळंबी शिजवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच दीड टेबलस्पून पाणी आटवायला लागते. पाकिटातल्या कोळंबीने पाऊण वाटी पाणी सोडलं असेल, तर ते आटेपर्यंत तुम्ही तिला शिजवण्याच्या कितीतरी पट उष्णता देऊन बसता.

अर्धवट वितळलेल्या कोळंबीचंही तसंच. बर्फ वितळायला ग्रॅममागे ३३४ ज्यूल लागतात, आणि कोळंबीत पाऊण हिस्सा पाणीच असतं. गोठलेली कोळंबी नुसती वितळवायला लागणारी उष्णता ही वितळलेली कोळंबी शिजवायच्या उष्णतेपेक्षाही थोडी जास्त भरते. तशीच कढईत टाकली तर बाहेरचा थर रबर होतो आणि मधे बर्फाचा गाभा राहतो.

म्हणून उपाय असा: पाणी आधी आटवा, मग कोळंबी घाला. घरच्या क्रमाच्या हे उलटं आहे, पण हेतू तोच आहे.

रंगावर आणि आकारावर किती विश्वास ठेवायचा?

"गुलाबी झाली की झाली" आणि "इंग्रजी सी सारखी वळली की तयार, ओ सारखी वळली की जास्त झाली" हे दोन ठोकताळे तुम्ही ऐकले असतील. दोन्ही उपयोगी आहेत. पण ते कशामुळे चालतात हे माहीत असलं, तर कुठे चालणार नाहीत हेही कळतं.

आधी रंग. कोळंबीत ॲस्टाझँथिन नावाचं नारिंगी-लाल रंगद्रव्य असतं. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेलं असतं, त्यामुळे राखाडी-निळसर दिसतं. गरम झालं की प्रथिनाची घडी मोडते, रंगद्रव्य सुटं होतं आणि त्याचा मूळ रंग दिसतो. (लॉबस्टरमधल्या अशा प्रथिनाच्या एका भागाची रचना २००२ साली क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली.) पण हे रंगद्रव्य मुख्यतः कवचात आणि वरच्या पातळ थरात असतं. म्हणजे गुलाबी रंग पृष्ठभागाची बातमी देतो, गाभ्याची नाही. बारीक कोळंबीत दोन्हींत फारसा फरक नसतो. मोठ्या टायगर प्रॉनमध्ये बाहेर गुलाबी आणि आत कच्चं असं सहज होऊ शकतं.

आता आकार. कोळंबीच्या पोटाकडचे स्नायू जाड असतात. शेपटी झटकून मागे उडी मारायला ती तेच वापरते. शिजताना ते जास्त आखडतात, म्हणून ती पोटाकडे वळते. पण पोटाकडून आडव्या चिरा दिल्या, जशा जपानी टेंपुरासाठी देतात, तर ती सरळच राहते, कितीही शिजवली तरी. खूण गेली, पण शिजणं काही थांबलं नाही.

खात्रीची खूण म्हणजे सगळ्यात जाड कोळंबी मधोमध कापून बघणं. आतपर्यंत पांढरी आणि अपारदर्शक असेल तर झाली. मधे काचेसारखा पट्टा दिसला तर अजून थोडी थांबा. ही तपासणी एक कोळंबी खर्ची घालून होते, पण ती नेमकं आपल्याला हवं तिथेच बघते.

हळद की आंबट?

"वास जायला हळद आणि लिंबू लावून ठेवा." हा सल्ला तर सगळ्यांच्या घरी असतो. संशोधक म्हणून इथे काय खटकतं? दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत. फरक पडला तर श्रेय कुणाला द्यायचं?

आंबटाच्या बाजूने एक यंत्रणा माहीत आहे. मासळीच्या वासात ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या संयुगाचा मोठा हात असतो. ते अल्कधर्मी आहे. आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार होतो, आणि तो हवेत उडत नाही. मग हळद काय करते? ते तपासायला चार वाट्या लागतील: एकीत काहीच नाही, दुसरीत फक्त हळद, तिसरीत फक्त आमसुलाचं पाणी, चौथीत दोन्ही. द्रव आणि वेळ सगळीकडे सारखा ठेवायचा. वास घेणाऱ्याचे डोळे बंद, कारण हळद रंगावरून ओळखू येते. यालाच दोन-बाय-दोन रचना म्हणतात. संशोधन पद्धतीच्या पेपरात यावर प्रश्न आला तर या वाट्या आठवा.

एक सावधगिरी. आंबट फार आधी लावून ठेवू नका. आम्लानेही प्रथिनं उलगडतात, आणि सामू ५.५ च्या आसपास आला की मांसाची पाणी धरून ठेवायची ताकद सगळ्यात कमी होते. लिंबात तासन्‌तास मुरलेली कोळंबी न शिजवताच पांढरी दिसते. पण ती शिजलेली नसते, आणि सुरक्षितही झालेली नसते. इथेही खूण आणि खरी गोष्ट यांची फारकत झाली.

आता जेवण करूया

दोघांसाठी: सोललेली कोळंबी पाव किलो (डोक्यासकट बाजारातून आणली तर साफ करताना जवळजवळ निम्मं वजन जातं, तसा हिशोब करा), दोन मध्यम कांदे, लसणाच्या ८-१० पाकळ्या, मालवणी मसाला दीड चमचा, हळद, मीठ, ३-४ आमसुलं, दोन टेबलस्पून तेल, मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर.

सुरुवात: भाताचा कुकर लावा. कोळंबीचं पाकीट बंदच ठेवून थंड पाण्यात बुडवा, सुट्ट्या गोठवलेल्या नगांना १५-२० मिनिटं पुरतात. गरम पाण्यात नको आणि ओट्यावर उघडीही नको.

तोवर कांदा बारीक चिरा, लसूण ठेचा. तेलात लसूण, मग कांदा, ७-८ मिनिटं नीट परता. मसाला आणि आमसुलं घाला, पाण्याचा एक हबका मारा, आणि कडेने तेल सुटेपर्यंत आटवा. जे पाणी आटवायचंय ते इथेच आटू दे.

कोळंबी पाकिटातून काढून निथळा, पाठीवरचा काळा दोरा राहिला असेल तर काढा, आणि स्वच्छ सुती फडक्याने कोरडी टिपून घ्या. ही एक मिनिटाची पायरी गाळू नका, वरचा सगळा हिशोब तिच्यासाठीच केला. मग अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद.

आच मोठी करा, कोळंबी एका थरात पसरा. झाकण नाही. मध्यम कोळंबी असेल तर एका बाजूने मिनिटभर, उलटून मिनिटभर. सगळ्यात जाड नग कापून बघा. तयार असेल तर लगेच गॅस बंद, खोबरं-कोथिंबीर घाला आणि भांड्यात काढून घ्या. गरम कढईत ठेवली तर ती शिजतच राहते.

शेअर्ड किचन असेल तर रूममेट्सना आधी विचारा. कोळंबीच्या ॲलर्जीमागचं मुख्य प्रथिन, ट्रोपोमायोसिन, शिजवल्यानेही निकामी होत नाही. कुणाला ॲलर्जी असेल तर कढई, झारा, फडकं सगळं वेगळं हवं.

हे लॅबमध्ये कुठे भेटतं?

जीवशास्त्र-रसायनशास्त्रवाल्यांसाठी: पेपरमध्ये "१०,००० आरपीएमला सेंट्रिफ्यूज केलं" असं लिहिलेलं असतं. पण नमुन्यावर पडणारं बल रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असतं. त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर ते गुरुत्वाच्या सुमारे ८,९०० पट येतं, १० सेंटिमीटर असेल तर सुमारे ११,२०० पट. आरपीएम ही खूण, बल ही खरी राशी. म्हणून चांगले पेपर बल लिहितात, आणि तुम्हीही तेच लिहा.

समाजशास्त्र-अर्थशास्त्रवाल्यांसाठी: "घरात फोन आहे का?" हा प्रश्न एकेकाळी सुबत्तेची बरी खूण होता. मोबाइल आल्यावर तो प्रश्न तसाच राहिला, पण त्याचा सुबत्तेशी असलेला धागा सैल झाला. जुनी प्रश्नावली जशीच्या तशी उचलली तर उत्तरं नीट भरून येतील, तक्ते सुबक दिसतील, आणि तुम्ही भलतंच काहीतरी मोजलेलं असेल. रबर झालेली कोळंबी निदान दाताला कळते. असा डेटा थेट प्रबंधात जाऊन बसतो, आणि पुढची तीन वर्षं त्यावर उभी राहतात.

म्हणून कुठलीही पद्धत उचलताना वहीत तीन ओळी लिहायची सवय लावा. यात प्रत्यक्षात मोजलं काय जातंय? मला खरं तर काय हवंय? आणि या दोघांची सांगड कोणत्या अटींवर टिकते? तिसरी ओळ पेपरमध्ये सापडली नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती लिहिलेलीच नसते, कारण लिहिणाऱ्याच्या लॅबमध्ये ती गोष्ट कधी बदललीच नव्हती. गाईडला, सीनियरला, जमल्यास लेखकांना ईमेल करून विचारा. असा प्रश्न विचारणं म्हणजे अडाणीपणा नाही, तिथूनच संशोधन सुरू होतं.

गृहपाठ

पुढच्या वेळी कोळंबी आणाल तेव्हा साधारण सारख्या जाडीचे सहा नग बाजूला काढा. जाडी पट्टीने मोजा, लिहा. उकळत्या पाण्यात एकदम टाका आणि ६०, ९० आणि १२० सेकंदांनी दोन-दोन बाहेर काढून लगेच मधोमध कापा. प्रत्येकीचा बाहेरचा रंग, वळण आणि आतला रंग वेगवेगळ्या रकान्यात लिहा. तिन्ही खुणा एकाच वेळी "झाली" म्हणतात का, ते बघा. आत कच्ची निघालेली कोळंबी पुन्हा पाण्यात टाकून पूर्ण शिजवा, वाया काहीच जात नाही.

मग वेगळ्या आकाराच्या कोळंबीवर हेच करा. पण त्याआधी वर्गाच्या नियमाने वेळेचा अंदाज वहीत लिहून, खाली तारीख टाका. निकाल बघण्याआधी लिहिलेला अंदाज आणि नंतर दिलेलं स्पष्टीकरण यांत किती अंतर असतं, हा पुढच्या लेखाचा विषय.

तोपर्यंत जेवून घ्या, भात गार होतोय.